चार मार्कांचा प्रश्न

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा 'संगणकयुग आणि आपण' असा विषय दिला होता. मी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी परत फोन करून सांगितलं की, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून मजकूर येतो, त्यात माझी भर नको. मला शाळेतल्या एका धड्याबद्दल बोलू द्या. पलीकडून विचारणा झाली, ''मराठीचा का?'' म्हटलं, ''नाही, विज्ञान भाग दोन.'' थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, ''पंधरा मिनिटं, त्यावर नाही. भरीत थंड होतं.''

तर धडा आनुवंशिकतेचा. आठवतंय का बघा. त्याआधीचा, मानवी प्रजननाचा धडा, आपल्याला 'घरी वाचून या' म्हणून सांगितला होता. बाई, तुम्ही समोर बसल्या आहात, रागावू नका. मुलं-मुली एका वर्गात, खिडकीबाहेर दुसऱ्या तुकडीचे सर, तुम्ही तरी काय करणार होतात? पण आनुवंशिकता मात्र तुम्ही मन लावून शिकवलीत. फळ्यावर दोन आडव्या रेघा, वर आई, खाली वडील. आईकडे एक्स-एक्स, वडिलांकडे एक्स-वाय. आईकडून कायम एक्सच येणार. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, त्यातली ही शेवटची. 'मानवातील लिंगनिश्चिती आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न परीक्षेसाठी महत्त्वाचा, मार्क चार, असं तुम्ही खडूने चौकट आखून सांगितलं होतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, ''बाई, म्हणजे मुलगा होणं-न होणं बाईच्या हातात नसतंच?'' तुम्ही म्हणालात, ''नसतं. आणि बापाच्याही हातात नसतं.'' आणि तास संपल्याची घंटा झाली. प्रश्न विचारणारा आज सभागृहात आहे. त्याला आठवतही नसेल.

तो प्रश्न आपल्या वर्गात सगळ्यांना येत होता. गणितात गटांगळ्या खाणाऱ्यांनाही. म्हणजे १९९६ साली जळगावातल्या एका साध्या शाळेतली साठेक पोरं हे विज्ञान नीट शिकून बाहेर पडली. जळगावात अशा किती शाळा असतील, आणि प्रत्येक वर्षी किती तुकड्या! मग पंधरा वर्षांनी, २०११ची जनगणना झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली किती निघाल्या? ८४२. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ला, ८८० होत्या. राज्याचा आकडा तेव्हा ९१३वरून ८९४वर आला होता, आपण त्याच्याही बरेच खाली. बीडनंतर महाराष्ट्रात आपलंच नाव घेतलं जात होतं.

आकड्यांशी माझं रोजचं काम, म्हणून थोडं थांबून सांगते. निसर्गतःच मुलगे जरा जास्त जन्मतात. शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशे मुली. त्यामुळे ८४२ची तुलना हजाराशी करायची नाही, साडेनऊशेशी करायची. आता हे आपल्या वर्गात बसवा. समजा वर्गात ३८ मुलगे आहेत. निसर्गाच्या हिशोबाने ३६ मुली हव्यात. ८४२च्या हिशोबाने त्या ३२ भरतात. चार मुली कमी. आपण एका बाकावर दोघी बसायचो. म्हणजे प्रत्येक वर्गात मुलींच्या रांगेतली शेवटची दोन बाकं रिकामी.

(जनगणनेचा हा आकडा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे, जन्माच्या क्षणाचा नाही. जन्मल्यावर हयगयीने गेलेल्या मुलीही त्या रिकाम्या बाकांवरच्या. तेही आपल्याच घरांतलं.)

आता धुळ्याकडे या. मी इंजिनिअरिंग धुळ्याला केलं. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे ही एस.टी. चार वर्षं माझ्या पाठीला ठाऊक आहे. धुळे जिल्हा २०११मध्ये नऊशेच्या थोडा आत होता. आणि पूर्वी धुळ्याचाच भाग असलेला, १९९८ला वेगळा झालेला नंदुरबार? ९४४. सातपुड्यातली पाड्यांवरची वस्ती, दवाखाना लांब, रस्ता अर्धा. विकासाच्या बाकी सगळ्या यादीत नंदुरबार शेवटून पहिला असतो. आणि केळीचे ट्रक दिल्लीला धाडणारा, सोन्याच्या बाजाराचा अभिमान सांगणारा, शाळा-कॉलेजांनी भरलेला आपला जळगाव शंभराने खाली. म्हणजे धडा न शिकलेल्यांनी हे केलं नाही. धडा शिकलेल्यांनी केलं. मशीन परवडणाऱ्यांनी केलं.

त्या मशीनबद्दल सांगते, कारण ती मला खरोखर आवडते. इंजिनिअर आहे, लपवून काय करू. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, असतो आवाज. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका उंच, सेकंदाला वीस-पन्नास लाख कंपनांचा. हातात धरायच्या त्या प्रोबमधले स्फटिक विजेच्या झटक्याने थरथरतात, आवाज पोटात सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतात. पोटावर गार जेल लावतात ते मध्ये हवा राहू नये म्हणून, कारण हवा लागली की आवाज तिथूनच परत फिरतो. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. दहा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले एकशे तीस भाग लागतात. तेवढ्या वेळेवरून यंत्र खोली मोजतं, एक ठिपका काढतं. असे हजारो ठिपके, सेकंदाला कितीतरी वेळा, की पडद्यावर बाळ अंगठा चोखताना दिसतं. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या डॉक्टरांनी १९५८ साली यावरचा पहिला मोठा लेख लिहिला. पोलादातल्या भेगा शोधायच्या यंत्रावरून त्यांनी हे बेतलं होतं. किती बायांचे जीव या यंत्राने वाचवले असतील! आडवं मूल, खाली सरकलेली वार, नळीत राहिलेला गर्भ, हे सगळं आधी कळायला लागलं. आपल्या आज्यांपैकी किती जणी बाळंतपणात गेल्या ते प्रत्येकाच्या घरात माहीत आहे.

आणि तेच यंत्र बाळाच्या मांड्यांमध्येही बघतं. ते त्याला टाळता येत नाही. पडद्यावर दिसतं, डॉक्टरला दिसतं. न सांगणं हे यंत्राचं काम नाही, माणसाचं आहे.

खरं तर सहा-सात आठवड्यांपर्यंत मुलगा-मुलगी असा फरक गर्भात दिसतच नाही, दोघांची जडणघडण सारखी. नंतर वाय गुणसूत्रावरचं एक जनुक जागं होतं आणि वाट वेगळी होते. ते जनुक लंडनमध्ये १९९०ला सापडलं, आपण पाचवीत-सहावीत होतो तेव्हा. आणि मुळात हा एक्स-वायचा प्रकार ज्यांनी ओळखला त्यांत एक बाई होत्या, अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स. १९०५ साली त्यांनी पिठातल्या किड्यांच्या पेशी पाहिल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं, नरात एकोणीस मोठी आणि एक बारकं. त्या एका बारक्यावरून सगळं. माझी आजी साक्री तालुक्यातली, अहिराणी बोलायची. अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर. फरक एका मात्रेचा. नेटीबाईंनी पाहिला तोही तेवढाच.

आजीचं नाव निघालं म्हणून सांगते. तिला आंडोर हवा असायचा, प्रत्येक सुनेला. ती नवस बोलायची, उपास करायची. अडाणी म्हणून आम्ही हसायचो. पण नवस फसला तर मुलगी जन्माला यायची, आणि आजीच तिला पहिली आंघोळ घालायची. आम्ही शिकलेल्यांनी जे केलं त्यात ती सोय राहिली नाही.

आता जे सांगणार आहे ते माझ्या वहिनींना विचारून सांगते आहे. त्यांना हे भाषण आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ''सांगा ताई. पण आधी मी माझ्या दोन्ही लेकरांना सांगते. त्यांना छापलेलं वाचून कळायला नको.'' महिन्याभराने त्यांचा फोन आला, ''सांगितलं. आता बोला.'' काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दादालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, ''बोल. पण मी एकटा नव्हतो, हेही बोल.'' बोलते.

२००४. मी पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, दिवाळीला घरी आले होते. वहिनींना पहिली मुलगी, तीन वर्षांची, आणि आता दिवस गेलेले, चौथा महिना. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जीप ठरली. आईचे गुडघे दुखत होते, सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी. कुठे चाललोय ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सीमा ओलांडून दुसऱ्या राज्यातल्या एका गावात गेलो. गावाचं आणि दवाखान्याचं नाव इथे घेत नाही.

दवाखान्यात भिंतीवर मोठी पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान होत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. खाली देवाची तसबीर, उदबत्ती. काउंटरवरच्या मुलीने एक कागद दिला, इंग्रजीत छापलेला. वहिनी मराठीतून बी.ए. झालेल्या. त्यांनी कागद माझ्याकडे दिला, ''ताई, काय लिहिलंय?'' मी वाचला. त्यात नाव, वय, मुलं किती, मुलगे किती, मुली किती, आणि खाली गरोदर बाईचं प्रतिज्ञापत्र होतं. मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली डॉक्टरांचं, मी ते पाहिलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

मी म्हणाले, ''काही नाही वहिनी. नेहमीचा फॉर्म आहे. इथे सही करा.''

त्यांनी केली.

आतून आल्यावर डॉक्टर दादाला एवढंच म्हणाले, ''पेढ्यांची घाई करू नका.'' बस. कायद्यात याचाही विचार केलेला आहे बरं का. शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे सांगणं गुन्हा, असं त्यात लिहिलंय. लिहिणाऱ्यांना पेढे ठाऊक असणार. जीपमध्ये परत येताना वहिनी खिडकीकडे बघत होत्या. पारोळ्याजवळ चहाला थांबलो. मी त्यांना बिस्किटाचा पुडा दिला. चार दिवसांनी त्यांना परत नेलं, तेव्हा मी पुण्याला निघून गेले होते. रजा संपली होती. हे मी बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत होते, की रजा संपली होती.

दोन वर्षांनी वहिनींना मुलगा झाला. गुणी पोरगा आहे. त्याचा यात काही दोष नाही, हे त्याला इथून सांगते.

आपल्या या कायद्याचा इतिहास फार लांब नाही. गर्भजल परीक्षा आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली, बाळात काही जन्मजात व्यंग आहे का ते पाहायला. थोड्याच वर्षांत 'आता थोडे पैसे घाला, पुढचा हुंडा वाचवा' अशा अर्थाच्या जाहिराती भिंतींवर लागल्या. मुंबईत स्त्री-संघटना आणि डॉक्टर एकत्र येऊन लढले आणि १९८८ला महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ला. तेव्हा आपण बोर्डाच्या परीक्षेची तयारी करत होतो, चार मार्कांचा तो प्रश्न पाठ करत होतो. कायदा कागदावरच राहतोय म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ला तो दुरुस्त होऊन कडक झाला. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तो कडक होऊन वर्ष उलटलं होतं. त्या कायद्यात एक कलम असं आहे की, गरोदर बाईने अशी तपासणी केली तर तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच न्यायालय गृहीत धरतं. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'नातेवाईक' या शब्दावर अडकले. तो शब्द माझ्यासाठी आहे.

मी ते वाचलं का, तर कामासाठी. २०१२ला माझी कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत होती आणि सोनोग्राफीच्या नोंदींचा भाग माझ्या टीमकडे आला. तो फॉर्म म्हणजे फॉर्म 'एफ', प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायचा. परळीचं प्रकरण त्याच वर्षी उघडकीला आलं होतं, तपासण्या जोरात होत्या, सगळ्यांना फॉर्म बिनचूक हवे होते. एका गिऱ्हाइकाकडून मागणी आली. काउंटरवर गर्दी होते, तर मागच्या वेळची माहिती आपोआप भरली जावी आणि प्रतिज्ञापत्रापुढची खूण आधीच केलेली असावी. बाईने फक्त सही करायची.

मी ते केलं. दीड तासाचं काम होतं, संध्याकाळी झालंसुद्धा. मग तपासून बघायला खोटा रुग्ण भरायचा असतो. काहीतरी टाकायचं म्हणून मी वय सत्तावीस टाकलं, मुलगे शून्य, मुली एक. पान उलटलं आणि पुढच्या पानावर खूण आपली आपण उमटली, मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. वहिनी २००४ला सत्तावीसच्या होत्या. मी ते ठरवून टाकलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की, खूण आधी करायची नाही, मजकूर मराठीत हवा, आणि तो वाचल्याशिवाय पान पुढे जायला नको. ते म्हणाले, ''प्रत्येक पेशंटमागे वीस सेकंद वाढतील.'' मी म्हटलं, ''वाढू दे.'' आठवडाभर वाद झाला. शेवटी मराठी मजकूर राहिला, खूण रिकामी राहिली, वाचण्याची सक्ती गेली. अर्धंच मिळालं. आज कुठल्या दवाखान्यात ते कसं चालतंय मला माहीत नाही, ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली.

समोर आपले दोन डॉक्टर मित्र बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांच्याशी यावर माझं भांडण झालं, ते लपवत नाही. ते म्हणतात, एक रकाना चुकला, पत्ता अर्धा राहिला, तर मशीनला सील, कोर्टात खेटे. गुन्हा करणारा खुणा करून मोकळा, आणि कागद चुकलेला आरोपी. त्यांची तक्रार अगदी खोटी नाही. देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने मे २०१९मध्ये तो मान्य केला नाही. नोंदी नीट न ठेवणं म्हणजे कारकुनी चूक नव्हे, कारण या गुन्ह्याचा माग दुसऱ्या कशावरून लागतच नाही, असं त्याचं म्हणणं. मी न्यायालयाच्या बाजूची आहे. बंद खोलीतल्या भुवयांची नोंद कुठलं यंत्र घेणार? कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुखांनी सोनोग्राफी मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवलं होतं, पडद्यावर काय काय पाहिलं ते साठवून ठेवणारं. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, उच्च न्यायालयाने २०११ला ते योग्य ठरवलं. माझ्यासारख्यांना अशी उपकरणं आवडतात. पण तेही पडदा बघतं, 'पेढ्यांची घाई करू नका' ऐकत नाही. राहतो तो कागद, आणि कागदावर बाईने काय वाचून सही केली ते.

डॉक्टर मैत्रिणीच्या दुसऱ्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्भपात आपल्याकडे १९७१पासून ठरावीक कारणांसाठी कायदेशीर आहे. २०२१पासून काही बाबतींत चोवीस आठवड्यांपर्यंत. पण लिंगनिदानाच्या धाडी सुरू झाल्यापासून चौथ्या-पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला, मग ती फसवली गेलेली पोर असो की जिच्या गर्भात मोठं व्यंग आहे अशी आई असो, कित्येक डॉक्टर नुसतं दारातून परत पाठवतात. कारण नको ती चौकशी. ती बाई मग कुठे जाते? 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपण सरसकट वापरतो त्यानेही हेच होतं, गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. गुन्हा गर्भपात नाही. मुलगी आहे म्हणून करणं, हा गुन्हा आहे. वहिनी नको म्हणाल्या असत्या तर त्यांचं कुणी ऐकलं असतं का, आणि त्यांना स्वतःला मूल नको असतं तर तेही कुणी ऐकलं असतं का, हे दोन्ही प्रश्न एकाच बाईचे आहेत.

आणखी एक सांगून टाकते, ग्रुपवर सांगायचं धैर्य झालं नाही. 'मुलगी वाचवा, नाहीतर सून कुठून आणाल' असे संदेश आपल्यातले बरेच जण पुढे पाठवतात. हेतू चांगला असतो. खेड्यांत पस्तिशीची पोरं लग्नावाचून आहेत, दलालाला पैसे देऊन लांबून मुली आणल्या जातात, हे मलाही दिसतं. पण तो संदेश वाचला की मला ती जीप आठवते. ती मुलगी कुणाची तरी सून व्हायला हवी होती म्हणून वाचायला हवी होती का? ती आज वीस वर्षांची असती. कदाचित लग्नच केलं नसतं. कदाचित गणितात नापास होणारी, आईशी भांडणारी असती. मला ती तशीच हवी होती.

८४२नंतर आपल्या जिल्ह्यात खूप काम झालं. आशाताई, नर्सताई, कित्येक शिक्षक आणि प्रामाणिक डॉक्टर यांनी केलं. पुढच्या जनगणनेत काय निघतं ते आपण सगळे बघू.

बाई, शेवटचं तुमच्याशी बोलते. मघाशी मुख्याध्यापकांना भेटून आले. उद्या सकाळी साडेसात वाजता नववी आणि दहावीच्या मुलांना तो 'घरी वाचून या'वाला धडा शिकवायचा आहे. आपली डॉक्टर मैत्रीण शरीराचा भाग घेणार, मी यंत्राचा. मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलं-मुली वेगवेगळ्या वर्गांत बसवू का? आम्ही नको म्हटलं. फॉर्म 'एफ'ची कोरी प्रत मराठीत करून आणली आहे, ती सगळ्यांनी मोठ्याने वाचायची आहे, मुलग्यांनीसुद्धा. तुम्ही आलात तर पहिल्या बाकावर जागा ठेवते. मागच्या बाकावरचा तो प्रश्नवाला पण येतो म्हणालाय, त्याची मुलगी नववीत आहे.

संयोजक घड्याळ दाखवतायत. भरीत वाढायला घ्या.